तंबोरा लागताना हजर राहा: उन्हाळ्यातल्या उघड्यावरच्या मैफली

पत्रिकेवर सायंकाळी साडेसहा छापलं असेल, तर सहाला जाऊन बसा. उन्हाळ्यात सांगली-मिरजेत उघड्यावर गाणं ऐकायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते. बाकीचं सगळं जमलं नाही तरी चालेल, पण हे जमवाच.

मी गेली अडतीस वर्षं गायकांच्या मागे तंबोरा घेऊन बसते. घाटावर, देवळाच्या आवारात, शाळेच्या मैदानावर, यात्रेच्या मांडवात, सगळीकडे बसले आहे. तंबोऱ्यावर बसणाऱ्याचं तोंड श्रोत्यांकडे असतं आणि दोन-अडीच तास बोटं सोडून त्याचं काहीच हलत नाही. त्यामुळे समोर कोण कधी आलं, कोण कशामुळे उठलं, कुणाचा चेहरा कोणत्या जागेला उजळला, हे मला गायकापेक्षा जास्त दिसतं. त्या बघण्यातून जे उमगलं तेच इथे लिहिते आहे.

मे महिन्यात सांगलीत सूर्य पावणेसात ते सातच्या सुमारास मावळतो. मारवा, पुरिया, पुरिया धनाश्री, श्री हे संधिप्रकाशाचे राग नेमके त्या वेळचे. पूर्वी मैफली रात्री साडेनऊला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायच्या, तेव्हा हे राग क्वचितच वाट्याला यायचे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला. वर्षातले मोजके दिवस सरकार 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणावारांतच संपतात. त्यामुळे उघड्यावर दरबारी, मालकंस हे उशिरा रात्रीचे राग कमी झाले याची खंत मला आहे. पण त्याच नियमाने मावळतीची वेळ आपल्या हाती दिली. पश्चिमेला आभाळ तांबूस होतंय, वटवाघळं निघालीत आणि गायक मारव्यातल्या कोमल रिषभावर, म्हणजे 'रे'वर, षड्जाला ('सा'ला) न शिवता थांबलाय, हे बंद सभागृहात कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. सव्वासातला येणाऱ्यांना तो मारवा अंधारात मिळतो.

चैत्र पाडव्याच्या पहाटेच्या कार्यक्रमांनाही हीच गोष्ट लागू. माइक सहाला सुरू होतो आणि सूर्य साडेसहाच्या आतबाहेर उगवतो. म्हणजे उजाडताना ऐकायला तुमच्याकडे जेमतेम अर्धा तास असतो. चहा घेऊन निघू म्हणालात तर तो गेलाच.

तंबोरा लागताना काय ऐकायचं

आमचं लावणं चालू असतं तेव्हा समोर गप्पा रंगतात. ही वीस मिनिटं गप्पांत घालवू नका. उन्हाळ्यात उघड्यावर तंबोरा लावणं हे अवघड काम आहे आणि त्यात ऐकण्यासारखं खूप आहे.

उन्हाने तार तापते, तापली की लांबते, सैल होते आणि सूर उतरतो. तबल्याचं उलटं. कोरड्या उकाड्यात कातडं आवळतं आणि तबला चढतो. दुपारी चारला आम्ही सगळं जुळवून ठेवलं तरी सहाला दोघं दोन दिशांना गेलेले असतात. मग ऊन उतरलं, नदीवरून गार वारा सुटला की तार परत आखडते, तंबोरा चढायला लागतो. आणि हवेत ओल आली तर तबला उतरायला लागतो. म्हणून तबलजी दोन बंदिशींच्या मध्ये हातोडी घेऊन गट्टे, म्हणजे तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकत असतो आणि मी खाली वाकून तारेतला मणी सरकवत असते. थोडा फरक असेल तर मणी पुरतो, जास्त असेल तर खुंटी पिळावी लागते. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे केला की जव्हारी, म्हणजे तारेची गुंजन, खुलते आणि तार नुसती वाजायची थांबून गुंजायला लागते. तो क्षण कान देऊन ऐका. एकदा कानात बसला की तंबोरा खुलला आहे की नाही ते रस्त्यावरूनसुद्धा कळतं.

आणखी एक खूण सांगते. तंबोऱ्याला साधारण चार तारा. मधल्या दोन जोडाच्या, षड्जाला लावलेल्या. शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. पहिली तार मात्र रागाप्रमाणे बदलते. बहुतेक वेळा ती पंचमाला ('प'ला) असते. ज्या रागात पंचमच नाही, तिथे ती वेगळी लावावी लागते: मालकंसाला मध्यम ('म'), मारवा-पुरियाला बहुधा निषाद ('नी'). म्हणजे निवेदकाने राग सांगायच्या आधी तंबोरा तुम्हाला अर्धी बातमी देतो.

हे माझ्याआधी समोरच्या माणसाने ओळखल्याचा प्रसंग विसरत नाही. पलूसकडच्या एका गावात कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत धोतर-पटक्यातले एक आजोबा मांडी घालून बसले होते. मी पहिली तार निषादाला आणली आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, "आज पयली तार येगळी लावलीया बघ ताईंनी." कार्यक्रमानंतर मी मुद्दाम विचारलं. गावच्या सप्ताहात चाळीस वर्षं गळ्यात वीणा घेऊन उभे राहिलेले वीणेकरी होते ते. रागाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कान तयार होता.

तंबोरा जवळून बघायचा असेल तर सकाळी मिरजेत सतारमेकर गल्लीत चक्कर मारा. हत्यारांना धार-पाणी करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि अजून पिढ्या तेच करताहेत. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझा तंबोरा तिथलाच. काम चालू असेल तर दारात उभं राहून विचारा. एक तार छेडून दाखवा म्हटलं तर मला तरी आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. सकाळी हे बघून संध्याकाळी मैफलीला बसलात तर ऐकणं बदलतं.

कुठे बसायचं

खुर्ची मिळाली म्हणून खूश होऊ नका. खुर्च्या मागे असतात, सतरंज्या पुढे. उघड्यावर आवाजाला भिंती नसतात, छत नसतं, तो नुसता पुढे पुढे विरत जातो. मागे बसलं की स्पीकर ऐकू येतो, गळा ऐकू येत नाही. गुडघे साथ देत असतील तर सतरंजीवर या. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, व्यासपीठापासून आठ-दहा रांगा मागे ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा. पहिल्या दोन रांगांत स्पीकर तुमच्या बाजूने निघून जातो आणि तबला गाण्यावर चढतो. एका स्पीकरच्या तोंडासमोर तर कधीच बसू नका, विशेषतः लहान मुलांना घेऊन.

फार मागे बसणाऱ्यांना आणखी एक अडचण येते, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. तुम्ही सत्तर मीटर मागे असाल तर तबलजीची थाप दिसल्यावर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने ऐकू येते. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ते जाणवत नाही. पण द्रुतात, म्हणजे जलद लयीत, मात्रा पाव सेकंदाची झाली की हात आणि नाद यांत जवळजवळ एका मात्रेचं अंतर पडतं. डोळ्यांनी बघून मांडीवर ताल धरणारा माणूस मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकतो आणि आपल्याला तालातलं कळत नाही असं समजून गप्प बसतो. त्याचं काही चुकलेलं नसतं. मागे बसला असाल तर बघू नका, डोळे मिटा.

घाटावर कार्यक्रम असेल तर दगडाचा विचार करा. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या दिवसभर तापतात आणि रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतात. बसण्यापूर्वी तळहात टेकवून बघा. सहा-सात सेकंद हात ठेववत नसेल तर चटईने भागणार नाही, घडी घातलेली गोधडी हवी. जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली गोधडी असेल तर तीच घ्या, ऊब वर येत नाही. पाठीला टेका म्हणून मागच्या पायरीचा उपयोग होतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घाट मैदानापेक्षा सोयीचा पडतो. फक्त चढउतार करताना हात धरा आणि कडेची जागा त्यांना द्या. लॉनवर पाणी मारलेलं असलं तर ओल आणि डास दोन्ही येतात. पायात मोजे घाला, डासांचं मलम घरूनच लावून या.

कपडे सुती, सैल, फिके. जाड शाल नको, पण साडेनऊनंतर नदीकाठी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, तेवढं पंचा-उपरणं जवळ असू द्या.

खाणं-पिणं

दुपारी झोपून उठलात तर उत्तम. निघण्याआधी दहीभात, सोबत कैरीचं ताजं लोणचं. बस्स. उन्हाळ्यात आमरस-पुरी जेवून मैफलीला आलेला माणूस विलंबित ख्यालात डुलतो, आणि तो डुलतोय तो गाण्यावर नाही हे व्यासपीठावरून स्पष्ट दिसतं. आमरस दुसऱ्या दिवशी खा.

पाणी माणशी एक लिटर तरी न्या, स्टीलच्या बाटलीत. चैत्रात आमच्याकडे कैरीचं पन्हं असतंच. मी ते गुळाचं करते, वेलदोडा आणि चिमूटभर मीठ घालून, आणि थर्मासमध्ये नेते. उकाड्यात घाम गेलेला असतो, नुसत्या पाण्यापेक्षा पन्हं किंवा मीठ-जिरं घातलेलं ताक अंगी लागतं. ताक मात्र सातच्या आत संपवा, मे महिन्यात ते फार आंबतं.

आणि भडंग. सांगलीच्या माणसाला भडंगाशिवाय बाहेर बसवत नाही, मलाही नाही. पण प्लॅस्टिकच्या पुडीचा चुरचुर आवाज किती लांब जातो याची कल्पना खाली बसलेल्याला येत नाही. आलापीत गायक बारीक सुरावर असतो, माझा तंबोरासुद्धा मी अलगद छेडत असते, तेव्हा पाचव्या रांगेतली पुडी आम्हाला ऐकू येते. भडंग डब्यात भरून न्या आणि मध्यंतरात खा. कांदा-मिरची वेगळी बांधून न्या, म्हणजे मऊ पडत नाही.

वळीव

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वळवाचा भरवसा नाही. दिवसभर उकाडा, दुपारनंतर ढग चढतात, मग वारा एकदम पडतो, पान हलत नाही. त्यानंतर गार झोत आणि मातीचा वास आला की तुमच्याकडे पाच-दहा मिनिटं आहेत असं समजा. झाडाखाली जाऊ नका, पत्र्याच्या मांडवाच्या खांबाला टेकू नका, विजेच्या वायरी पडलेल्या ओल्या जमिनीवर चालू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत ऐकू आलं तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, ते मोबाइलमध्ये ठेवा. जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं.

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत आम्ही असे सापडलो होतो. नाट्यगीत अर्ध्यावर होतं. थेंब आले ते एकदम जाड. साउंडवाल्याने आधी मेन बंद केला, ते त्याने फार योग्य केलं. अंधार झाला. मला फक्त तंबोऱ्याचा भोपळा दिसत होता, कारण भिजला की गेलाच तो. मी गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची खोळ, शोधते आहे तोवर पुढच्या रांगेतल्या दहा-बारा बायका उठल्या, त्यांनी बसायचं जाजम चार बाजूंनी धरून आमच्या डोक्यावर आणलं आणि तशाच चालत आम्हाला देवळाच्या मंडपात पोचवलं. त्या स्वतः चिंब झाल्या होत्या. मंडपात कंदिलाच्या उजेडात, माइक नाही, स्पीकर नाही, गायकाने राहिलेलं पद पूर्ण केलं. इतक्या वर्षांत एवढं स्वच्छ गाणं मी दोन-तीनदाच ऐकलं असेल. म्हणून पाऊस आला की लगेच घराकडे पळू नका. जवळ देऊळ, शाळा, कुणाच्या घराचा मोठा सोपा, म्हणजे ओसरी, असेल तर तिथे जा. गाणं बऱ्याचदा तिथेही येतं.

दाद

दाद कुठे द्यायची हे विचारणारे खूप भेटतात. माझं म्हणणं, मनात आली तिथे द्या, फक्त आलापात टाळी नको. टाळीने सूर तुटतो, "वा" ने तुटत नाही. समेवर मान हलली, हात उचलला गेला, तेवढं आमच्यापर्यंत पोचतं. फर्माईश चिठ्ठीवर लिहून मध्यंतरात पाठवा, आणि पहिला ख्याल संपायच्या आत तर नकोच. मोबाइलवर चित्रीकरण करायचं असेल तर आधी आयोजकांना विचारा आणि पडद्याचा उजेड कमी करा. अंधारातल्या मैदानात तो चौकोन गायकाच्या नेमका डोळ्यात जातो.

जत्रेतला तमाशा असेल तर रीत वेगळी. तिथे शिट्टी ही दादच आहे, तिथे गप्प बसणं हा कलावंताचा अपमान. हा जिल्हा तमाशाचा आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी ढोलकी-तुणतुण्याला कमी लेखलेलं मला अजिबात आवडत नाही. तुणतुण्याची ती एक तार न थकता अख्खी रात्र सूर धरून ठेवते, माझंही काम तेच आहे. फक्त यात्रेत कर्णे मोठे असतात, तेव्हा बाजूला आणि लांब बसा. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते, त्यामुळे आवाज वर जाण्याऐवजी खाली वळतो आणि दूरपर्यंत पोचतो. पलीकडच्या गावातला तमाशा रात्री आपल्या अंगणात ऐकू येतो तो यामुळेच. लांब बसून तुमचं काही हुकणार नाही.

मिरजेचा उरूस

उघड्यावर ऐकायची सवय नसेल आणि कुठून सुरुवात करू असं वाटत असेल, तर मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा धरा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. 1937 साली ते गेले आणि त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली ही सभा भरते. कलावंत इथे बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. उरूस चांद्र तारखेने असतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. काही वर्षं भर उन्हाळ्यात येतो, काही वर्षं थंडीत. तारीख त्या त्या वर्षी विचारून घ्या.

चपला बाहेर काढून नीट एका जागी ठेवा, डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्या, आधी कबरीपाशी जाऊन या आणि मग बसा. तिथे पुढची जागा, मागची जागा असं फारसं नाही. शेजारी कोण येईल सांगता येत नाही. एकदा माझ्या एका बाजूला पुण्याहून आलेले प्राध्यापक होते आणि दुसऱ्या बाजूला भाजी विकून थेट आलेली मावशी, पाटी शेजारी ठेवून. खाँसाहेबांच्या घराण्याचा तो लांबवलेला, न थरथरणारा सूर लागला तेव्हा दोघांनी एकाच वेळी श्वास सोडला. मी त्या दिवशी तंबोऱ्यावर नव्हते, नुसती ऐकायला गेले होते.

परत जाताना

सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर, पण रात्री दहानंतर सिटी बस मिळेलच असं धरून चालू नका. जातानाच कंडक्टरला शेवटच्या गाडीची वेळ विचारा. यात्रेच्या गावाहून वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, असतं, मात्र ते भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा आपल्या गल्लीतले चार-पाच जण मिळूनच गेलेलं बरं. दुचाकी लावताना तोंड रस्त्याकडे करून लावा.

शेवटची भैरवी झाली की लगेच उठू नका. गर्दी पाच-दहा मिनिटांत ओसरते. तोवर व्यासपीठाजवळ या. गायकाभोवती लोक असतातच, तबलजीला, पेटीवाल्याला भेटा. घरी कुणी लहान शिकणारं असेल तर त्याला पुढे आणा. गवसणीत घालण्याआधी मी तंबोरा तसाच जुळलेला थोडा वेळ ठेवते. पोराला म्हणावं, ये, बोट धुऊन ये, आणि जोडाची तार छेड.